मदत हवी आहे : ‘यमुनापर्यटन’ ते हरिभाऊ, हा बदल एकाच साहित्यप्रकारातला मानायचा का?

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी १८५७ ते १८९० या काळात मराठी कादंबरी कशी बदलली, हे पाहतेय. गाडी एका ठिकाणी अडली आहे.

बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७चं. त्यात यमुना नवऱ्यासोबत प्रवास करते, वाटेत विधवांच्या कहाण्या समोर येतात आणि लेखकाचा ख्रिस्ती धर्माकडचा ओढा लपत नाही. मग १८६१ची ‘मुक्तामाला’. नायिकेवर संकटामागून संकटं, शेवटी सगळं गोड! १८७१ची ‘मोचनगड’ शिवकालात जाते. आणि १८९०मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिकातून हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ सुरू होते, तिथेही नायिका यमुनाच. पण इथे ती स्वतः बोलते, माजघरातल्या बाईच्या भाषेत. मला हा फरक फार मोठा वाटतो.

चारही पुस्तकांना सरसकट ‘कादंबरी’ म्हटलं की अद्भुताकडून वास्तवाकडे अशी सरळ रेघ दिसते. पण मुळात सर्वांत आधीचं पुस्तकच सामाजिक प्रश्नावर आहे! मग ती रेघ खरी, की आपण लावलेल्या लेबलामुळे तयार झालेली? बोधपर गद्य, अद्भुतकथा, ऐतिहासिक कादंबरी असे प्रवाह वेगळे काढून प्रत्येकातला बदल स्वतंत्र तपासावा, असं मला वाटतं. मार्गदर्शकांना हे पटत नाही. तुकडे पडतील म्हणतात.

कुणी असं काम केलंय का? प्रकार ठरवताना त्या काळच्या वाचकांची समज धरायची की आजचे निकष? आणि जुन्या नियतकालिकांतली पुस्तकपरीक्षणं कुठे वाचायला मिळतील?