कुटुंबासह वाळूतून सोने धुण्याचा छंद : सुरुवात कशी करावी?

प्रश्न (धागाकर्ता : नवखा_दर्दी)

नमस्कार. नदीच्या वाळूतून पॅनच्या (पसरट, उथळ थाळीच्या) साहाय्याने सोन्याचे कण वेगळे करण्याचा छंद येत्या सुट्टीत सुरू करावा, असा आमचा विचार आहे. मुलांची वये आठ आणि बारा आहेत. यातून उत्पन्न मिळावे अशी अपेक्षा मुळीच नाही. पाण्याकाठी चार तास बरे जावेत आणि मुलांच्या हाताला काही कसब लागावे, एवढाच हेतू आहे. मात्र चित्रफितींमध्ये सगळे दोन मिनिटांत आटोपते, त्यामुळे खरे काम किती किचकट असते याचा अंदाज येत नाही. पॅन कोणते घ्यावे, घरी सराव करता येतो का, प्रवाहात नेमके कोठे खणावे आणि चमकणारा कण सोन्याचाच आहे हे कसे ओळखावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (खडकवाचक)

साहित्याआधी यामागचे तत्त्व मुलांना समजावून सांगा, म्हणजे हात आपोआप योग्य दिशेने चालू लागतात. सोन्याची सापेक्ष घनता (म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट वजन) सुमारे 19.3 आहे, तर साध्या वाळूतील क्वार्ट्झची 2.65. म्हणजे एकाच आकाराचे दोन कण हवेत तोलले, तर सोने सातपट जड भरते. परंतु पाण्यात दोघांच्याही वजनातून तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याचे वजन वजा होत असल्यामुळे हेच प्रमाण अकरापटीवर जाते. पॅनमधील सारे काम या फरकावर चालते. त्यामुळे वाळू पाण्याखाली ठेवून ती हलवत राहणे हे मुख्य काम आहे आणि वाळू बाहेर सांडणे हे दुय्यम. नवशिक्यांचे लक्ष नेमके उलट, म्हणजे सांडण्याकडे असते.

पद्धत अशी : पॅन निम्मे भरावे, पाण्यात पूर्ण बुडवावे, मातीची ढेकळे बोटांनी फोडावीत आणि मोठे खडे धुऊन काढून टाकावेत. अर्ध्या इंचाच्या जाळीची चाळणी आधीच वापरली, तर हे श्रम बरेच वाचतात. त्यानंतर पॅन आडवे धरून डावीकडे-उजवीकडे जोराने हलवावे, म्हणजे जड कण तळाशी बसतात. मग पॅनच्या ज्या कडेला आतून खाचा असतात ती बाजू पुढे ठेवून पॅन किंचित कलते करावे आणि पाण्याची हलकी लाट आत घेऊन वरचा थर बाहेर जाऊ द्यावा. दोन-तीन लाटा झाल्या की पुन्हा आडवे धरून हलवावे. हा क्रम मोडू नये.

शेवटी चमचाभर काळी वाळू उरते आणि तेथे बहुतेकांचा धीर सुटतो. ती मुख्यतः मॅग्नेटाइटची, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाची असते, तिची घनता 5.2 च्या आसपास, त्यामुळे पाण्यात सोने तिच्याहून जेमतेम साडेचारपट जड ठरते. या टप्प्यावर घाई करण्यापेक्षा ती वाळू बाटलीत भरून घरी न्यावी आणि वाळवून लोहचुंबक फिरवावा. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असावा, अन्यथा त्याला चिकटलेली वाळू सोडवताना संध्याकाळ निघून जाते.

पॅन प्लास्टिकचे, हिरवे किंवा काळे, घ्यावे. त्यावर पिवळा कण उठून दिसतो. मोठ्यांना चौदा इंचांचे पुरते. मुलांना दहा इंचांचे द्यावे, कारण पाण्याने आणि वाळूने भरलेले मोठे पॅन आठ वर्षांच्या मनगटांना पेलवत नाही.

प्रतिसाद २ (काठावरचा)

वरील तंत्राशी पूर्ण सहमत आहे. जागेबद्दल थोडे लिहितो.

पाण्याचा वेग जेथे कमी होतो, तेथे जड कण खाली बसतात. म्हणून वळणाची आतली बाजू, मोठ्या दगडाची प्रवाहाच्या खालच्या अंगाची बाजू आणि तळखडकातील भेगा प्रथम पाहाव्यात. भेगेतील घट्ट गाळ चमच्याने खरवडून काढण्याचे काम मुलांना विशेष आवडते, शिवाय सोने मिळण्याची शक्यताही तेथे अधिक असते. जुने खिळे, गळाची शिशाची वजने किंवा काळ्या वाळूचे पट्टे एकत्र दिसले, तर जड वस्तू साचण्याची ती जागा आहे असे समजावे.

नियमांची चौकशी निघण्यापूर्वीच करावी, कारण ते देशागणिक बदलतात. न्यूझीलंडमध्ये ठरवून दिलेल्या सार्वजनिक क्षेत्रांत हाताच्या अवजारांनी विनापरवाना सोने शोधता येते; ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात त्यासाठी परवाना घ्यावा लागतो. जमीन खासगी असेल, तर मालकाची परवानगी वेगळी. किनाऱ्याची माती पोखरू नये आणि खणलेला खड्डा बुजवूनच उठावे.

मुलांसाठी पाणी गुडघ्याखाली असावे. वरच्या बाजूला धरण असेल, तर पाणी अचानक वाढू शकते, याची माहिती आधी काढावी. थंड पाण्यात तासभर हात घालून बसलेले मूल कुडकुडत असूनही उठायला तयार नसते, तेव्हा उठवण्याची जबाबदारी मोठ्यांची. आणखी एक गोष्ट गंभीरपणे सांगतो : जुन्या खाणकामाच्या परिसरात सोने वेगळे करण्यासाठी पारा वापरला जात असे आणि तो आजही गाळात सापडतो. चंदेरी थेंब किंवा पांढुरका झालेला सोन्याचा कण दिसला, तर तो हाताळू नये आणि कोणत्याही परिस्थितीत तापवू नये, कारण पाऱ्याची वाफ अत्यंत विषारी असते.

नवखा_दर्दी

दोघांचेही आभार. घरी सरावासाठी शिशाचे छर्रे वापरावेत असे एका ठिकाणी वाचले. मुलांच्या हाती शिसे देणे मनाला पटत नाही. त्याला पर्याय आहे का?

प्रतिसाद ३ (सहज_निरीक्षक)

शिसे टाळण्याचा तुमचा विचार योग्य आहे. बॉल बेअरिंगचे बारीक पोलादी छर्रे घ्यावेत. पोलादाची घनता 7.8 च्या आसपास, म्हणजे शिशापेक्षाही कमी असल्याने सराव उलट अधिक कठीण होतो. ज्याच्या पॅनमध्ये पोलाद टिकते, त्याच्याकडून त्याच आकाराचे सोने सहसा निसटत नाही. टबमध्ये पाणी घेऊन दहा छर्रे मोजून वाळूत मिसळावेत आणि धुऊन झाल्यावर पुन्हा मोजावेत. भावंडांत चुरस लागते, हा अतिरिक्त लाभ.

अगदी बारीक सोने मात्र पृष्ठताणामुळे पाण्यावर तरंगते, विशेषतः हाताला तेलकटपणा असेल तर. पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की ते खाली बसते. हा उपाय टबापुरता ठेवावा, नदीत साबण नको.

आता ओळखण्याविषयी. पॅनवर हाताची सावली धरावी. अभ्रकाची चमक सावलीत मंदावते, सोन्याचा पिवळा रंग तसाच राहतो. सुईने दाबल्यास सोन्याला खाच पडते, पायराइटचा (सोन्यासारख्या दिसणाऱ्या खनिजाचा) चुरा होतो आणि अभ्रकाचे पापुद्रे निघतात. पाणी गोल फिरवले, तर अभ्रक सर्वांत आधी वाहून जाते आणि सोने सर्वांत मागे रेंगाळते.

मुलांना आकारमानाची कल्पनाही आधीच द्यावी. एक मिलिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि त्याच्या एक दशांश जाडीचा कण साधारण दोन मिलिग्रॅम भरतो, म्हणजे एका ग्रॅमसाठी असे पाचशे कण लागतील. हे ठाऊक असलेले मूल एका कणानेही हरखते. पाणी भरलेली काचेची लहान कुपी सोबत ठेवावी; कण कोरड्या बोटाच्या टोकाने अलगद उचलून बोट कुपीतील पाण्याला टेकवले की तो आपोआप आत पडतो.