मदत हवी आहे: ब्रशवरचा जादा रंग काढायचा कसा? (डबा, फरशी, कोपर, सगळं तपकिरी झालंय)

ठाणेकर_गच्ची

नमस्कार मंडळी, प्रश्न वाचून हसाल पण खरंच अडलोय. गणपती पंधरा दिवसांवर आलेत आणि बाल्कनीच्या ग्रिलला गंज धरलाय. पेंटरला विचारलं तर म्हणे एवढ्याशा कामाला यायला परवडत नाही, गणपती झाले की बघू. मग म्हटलं आपणच करू, त्यात काय मोठं. दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती तेव्हा पॉलिश पेपर मारून गंज काढला, रेड ऑक्साइडचा (गंज रोखणाऱ्या लाल प्रायमरचा) एक हात दिला, तो छान वाळला पण. इथपर्यंत बायकोसुद्धा कौतुकाने बघत होती.

काल ऑइल पेंट घेतला, एक लिटर, डार्क ब्राउन, आणि दुकानदाराने दिला तो दोन इंची ब्रश. आणि तिथून जे सुरू झालं ते काय सांगू. ब्रश बुडवून वर काढला की एवढा रंग घेऊन येतो की ग्रिलपर्यंत पोचायच्या आत टपटप टपटप. म्हणून मी प्रत्येक वेळी डब्याच्या काठाला ब्रश निपटायला लागलो, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, जशी आपण आमटीची पळी निपटतो तशी. अर्ध्या तासात काठाची खाच रंगाने भरली, तिथून डब्याच्या अंगावरून ओघळ आले, डबा खालच्या पेपरला चिकटला, पेपर माझ्या चपलेला चिकटला आणि मी पाणी प्यायला तसाच हॉलमधून किचनपर्यंत जाऊन आलो. पुढचं लिहीत नाही.

वरच्या पट्ट्यांना हात वर करून रंग दिला तर तो दांड्यावरून मनगट, मनगटावरून कोपर असा उतरला. संध्याकाळी झाकण लावायला हातोडी मारली तर खाचेतला रंग पिचकारीसारखा उडाला, भिंतीवर आणि चष्म्यावर. आणि या सगळ्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर दोन थेंब पडलेत, ते त्यांना अजून दिसले नाहीयेत.

तर ब्रशवरचा जादा रंग नेमका कुठे काढायचा? काठावर नाही तर कुठे? अजून अर्धं ग्रिल बाकी आहे आणि वर दुसरा हात द्यायचाय.

आगाऊ_कार्टं

किचनपर्यंत पावलं उमटलीत ना, मग आता गौरी आणायच्या दिवशी रांगोळीने पावलं काढायला नकोत. एक काम वाचलं 😀

सुगरणीचं_घरटं

आगाऊ, तू गप रे.

दादा, तुमची चूक निपटण्यात नाही, बुडवण्यात आहे. ब्रश केसांच्या मुळापर्यंत बुडवत असाल तुम्ही, बहुतेक सगळे नवशिके तेच करतात, मीही केलंय. फक्त टोकाकडचा तिसरा हिस्सा बुडवायचा, फार तर निम्मा. मग वर काढून डब्याच्या आतल्या भिंतीला हलकेच आपटायचा, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. काठावर घासायचा नाही, आत आपटायचा. जो थेंब पडणार असतो तो तिथेच पडतो आणि केसांच्या मधला रंग ब्रशमध्येच राहतो. तुम्ही दोन्हीकडून निपटता तेव्हा ब्रश पार रिकामा होतो, मग दोन फटकाऱ्यांत परत बुडवावा लागतो, परत निपटणं, म्हणजे जेवढ्या वेळा निपटणार तेवढी खाच भरणार.

ठाणेकर_गच्ची

ताई, डबा काठोकाठ भरलेला आहे हो, आतली भिंत दिसतेच कुठे आपटायला?

सुगरणीचं_घरटं

म्हणजे तुम्ही कंपनीच्या डब्यातूनच रंगवताय?? अहो वेगळ्या डब्यात काढून घ्या थोडा थोडा!

रंगाऱ्याचं_पोर

ताईंनी बरोबर सांगितलंय, त्यात भर घालतो. माझे वडील रंगकाम करायचे, शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली असायचो. त्यांनी कंपनीच्या डब्यात ब्रश घातलेला मी कधी बघितला नाही. त्यांचा एक जुना पत्र्याचा डबा होता, वर तारेची कडी केलेली, त्यात तीन बोटं रंग घ्यायचा, जास्त नाही. वरची चार बोटं भिंत रिकामी, ती आपटायला. आणि ते टक टक, टक टक इतकं लयीत चालायचं की घराचा मालक आतल्या खोलीत बसून कान देऊन असायचा, टकटक थांबली की समजायचं रंगारी बिडी प्यायला बसला.

कंपनीच्या डब्याचं झाकण लगेच लावून ठेवायचं, नाहीतर रंगावर साय धरते. ती साय कधीच ढवळून मिसळायची नाही, तिचे तुकडे होतात आणि मग ग्रिलवर बारीक बारीक गोळे दिसतात. साय कडेने कापून अख्खी उचलायची, तरी कण राहिले तर जुन्या पातळ ओढणीतून रंग गाळून घ्यायचा.

आता तुमच्या कामाबद्दल. ग्रिलच्या सळ्या केवढ्या आहेत? अर्धा इंच असतील. त्याला दोन इंची ब्रश म्हणजे सुईत दोरा ओवायला सांडशी. मधला अर्धा इंच सळीला लागतो आणि बाजूचे दीड इंच केस हवेत, त्यांच्यातला रंग दाबाने पिळून सळीच्या मागे जातो आणि खाली टपकतो. ब्रश कितीही निथळला तरी हे होणारच. एक इंची ब्रश आणा. नवा ब्रश आधी तळहातावर खसाखसा घासून सुटे केस झाडून टाका, नाहीतर ते रंगात चिकटतात आणि नखाने काढत बसावं लागतं.

आणि रंग वरून खाली उतरत आणा, एका वेळी एकच कप्पा. जिथे सळ्या एकमेकींना जोडल्यात तिथल्या बेचक्यात रंग साचतो आणि पाच-सात मिनिटांनी तिथून ओघळ सुटतो. म्हणून कप्पा झाला की थोडं थांबून परत मागे या, आणि रिकामा ब्रश, म्हणजे न बुडवलेला, बेचक्यांवरून फिरवा. तो जादा रंग उचलून घेतो, तोच पुढच्या सळीला लावायचा.

खारी_बिस्कीट

मी डब्याच्या तोंडावर मधोमध जाड रबर बँड ताणून लावते, त्याला ब्रश पुसायचा, रंग थेट डब्यात पडतो आणि काठ कोरडा. सोपं आहे की, एवढं टकटक कशाला?

रंगाऱ्याचं_पोर

वॉटर पेंटला चालेल. ऑइल पेंटला रबर नको, टर्पेंटाइनने रबर फुगतं आणि ढिलं पडतं, मग तुटून रंगात. त्यापेक्षा बारीक तार बांधा, कडीच्या दोन टोकांना. पण तारेलासुद्धा एकच बाजू पुसायची, आणि ती पण हात वर करून रंगवायचं असेल तेव्हाच. सरळ समोरच्या कामाला आपटणं पुरतं.

निवृत्त_मास्तर

एक शंका. मूळ धागाकर्त्याने रंगात टर्पेंटाइन किती घातलं आहे? ब्रश वर काढल्याबरोबर टपटप होणं हे मला रंग फार पातळ केल्याचं लक्षण वाटतं. डब्यातला ऑइल पेंट मुळात इतका वाहता नसतो.

ठाणेकर_गच्ची

मास्तर 🙏 पकडलंत. दुकानदार म्हणाला थोडं टर्पेंटाइन घाला म्हणजे हात सरकतो. मी अंदाजाने ओतलं, अर्धा लिटरच्या बाटलीतलं निम्मं गेलं असेल. ढवळताना छान वाटत होतं, ताकासारखं.

रंगाऱ्याचं_पोर

अहो काय!! लिटरला पाव लिटर! डब्यावर प्रमाण लिहिलेलं असतं, तेवढंच घालायचं, आणि ग्रिलला ब्रशने देताना तर त्याहून कमीच लागतं. काडीने रंग उचलून बघायचा, आधी त्याची अखंड धार पडली पाहिजे आणि मग ती तुटून थेंब पडले पाहिजेत. काडी बाहेर काढताच नुसते थेंब पडायला लागले तर रंग मेला. असा रंग लोखंड झाकत पण नाही, खालचा लाल डोकावतो. तुमच्या ग्रिलला तपकिरीतून लाल दिसतंय का?

ठाणेकर_गच्ची

दिसतंय. मला वाटलं पहिल्या हाताला असंच असतं.

सुगरणीचं_घरटं

आता असं करा, त्याच कंपनीच्या त्याच शेडचा २०० मिलीचा छोटा डबा मिळतो, तसे दोन आणा आणि तुमच्या पातळ रंगात थोडा थोडा घालत दाट करत जा. टाकून देऊ नका काही.

आणि त्या भरलेल्या खाचेचं, खिळा घेऊन खाचेच्या तळाला पाच-सहा भोकं पाडा, साचलेला रंग आपोआप आत उतरतो. झाकण लावलं की भोकं त्याच्याखाली झाकली जातात. झाकणावर हातोडी थेट मारायची नाही, आधी खाच चिंधीने पुसायची, वर एक जुनं फडकं टाकायचं, त्यावर लाकडाची पट्टी आडवी ठेवायची आणि पट्टीवर ठोकायचं. उडायला रंगच नसतो मग, आणि उडालाच तर फडक्यात.

आगाऊ_कार्टं

कोपराचं कुणी सांगितलंच नाही. माझ्या आजोबांनी जुना रबरी चेंडू निम्मा कापून, बुडाला चीर पाडून ब्रशच्या दांड्यात घातला होता, वाटीसारखा, तोंड वर. छताला रंग देताना सगळं त्या वाटीत. (रबर फुगतं वगैरे सांगू नका, एका दिवसाचं काम असतं.)

रंगाऱ्याचं_पोर

चेंडू चालेल 😀 वडील दांड्याला, केस धरणाऱ्या पत्र्याच्या वर, चिंधी गुंडाळायचे, काम तेच. पण मुळात डोक्याच्या वरचं रंगवताना ब्रश जवळजवळ कोरडाच हवा. आणि शक्य असेल तर स्टुलावर चढा हो, म्हणजे हात वर करायलाच नको. खालच्या मजल्यावरच्या लोकांसाठी ग्रिलच्या बाहेरून जुनी चादर बांधा. काकूंची नको, तुमची.

खारी_बिस्कीट

हाताला लागलेला रंग टर्पेंटाइनने काढू नका, त्वचा कोरडी पडून जळजळते. खोबरेल तेल चोळा, मग साबण. फरशीवर वाळलेले थेंब, टाइल्स असतील तर जुनं ब्लेड आडवं धरून खरवडा, पटकन निघतात. शहाबादी किंवा मार्बल असेल तर मात्र ब्लेड नको, चरे पडतात.

आणि ब्रश धुवायचा कसा ते पण सांगा कुणीतरी, माझा दर वेळी दगड होतो. पूर्वी रॉकेलमध्ये बुडवून ठेवायची, आता रॉकेल मिळतंय कुठे.

रंगाऱ्याचं_पोर

दगड होतो तो मुळापासून. केसांवर जो पत्रा असतो त्याच्या आत रंग शिरून वाळला की केस फाकतात आणि ब्रश केरसुणीसारखा दिसायला लागतो. म्हणूनच पूर्ण बुडवायचा नसतो, धुण्याचं निम्मं काम तिथेच वाचतं.

काम संपलं की आधी रद्दी पेपरवर ब्रश फिरवून फिरवून जेवढा रंग निघेल तेवढा काढा, अगदी पेपर कोरडा दिसेपर्यंत. मग एका बरणीत थोडंसं टर्पेंटाइन, त्यात बोटांनी (ग्लोव्ह्ज घालून) मुळाशी चोळून धुवा. दुसऱ्या बरणीत स्वच्छ टर्पेंटाइन, परत एकदा. आणि आता मजा, ब्रश रिकाम्या बादलीत तोंड खाली करून धरा आणि दांडा दोन तळव्यांमध्ये रवीसारखा घुसळा. गरगर फिरून सगळं टर्पेंटाइन बादलीच्या आतल्या भिंतीवर उडतं, तुमच्यावर नाही. बादली खोल हवी आणि ब्रश तिच्या काठाच्या खाली हवा, हे विसरलात तर आणखी एक धागा काढावा लागेल. शेवटी कोमट पाणी आणि साबण, केस सरळ करून पेपरात गुंडाळून आडवा ठेवा. बरणीत उभा करून ठेवला तर केस वाकतात.

पहिल्या आणि दुसऱ्या हाताच्या मध्ये एका रात्रीसाठी धुवायची पण गरज नाही, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून दोरा बांधा, सकाळी ओलाच निघतो.

निवृत्त_मास्तर

वापरलेलं टर्पेंटाइन बेसिनमध्ये किंवा गटारात ओतू नये. बरणी झाकण लावून दोन-तीन दिवस तशीच ठेवली की रंग तळाशी बसतो, वरचं निवळ पुन्हा धुण्यासाठी वापरता येतं. खालचा गाळ पेपरवर वाळवावा. रंगाचे टाकून दिलेले डबे २०१६ च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचऱ्यात धरले होते, ओल्या-सुक्यात मिसळू नयेत. आणि टर्पेंटाइनच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात किंवा गॅसजवळ ठेवू नका, मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

ठाणेकर_गच्ची

अपडेट देतो. २०० मिलीचे दोन डबे घालून रंग दाट केला, काडीवरून धार पडते आता. एक इंची ब्रश आणला. चहाच्या रिकाम्या डब्याला तारेची कडी केली, तीन बोटं रंग, आणि टक टक, टक टक. पहिली दहा मिनिटं हात परत परत काठाकडेच जात होता, सवय जात नाही. मग जमलं. राहिलेलं ग्रिल दीड तासात झालं, आधीच्या अर्ध्यालाच अडीच तास लागले होते. रात्रभर सोडून आज सगळ्याला दुसरा हात दिला, खाली पेपरवर एकूण चार थेंब, मोजलेत. रवीचा प्रयोग मुलीने केला, तिला परत करायचाय.

एका बेचक्यात ओघळ राहिलाच, रिकाम्या ब्रशने परत यायला विसरलो कारण मध्ये कुकरच्या शिट्ट्या मोजायला आत बोलावलं. तो वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून टच-अप करीन.

चादरीचं काल स्वतःच जाऊन काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, चादर राहू दे, जुनीच होती, पण तुला आता हात बसलाय तर गणपतीच्या आधी माझंही ग्रिल करून दे. आता त्यांचं ग्रिल बिल्डिंग झाली तेव्हापासूनचं आहे, १९८८, रंगावर रंग चढलेत आणि पापुद्रे सुटलेत. ते सगळं घासून काढू का?

निवृत्त_मास्तर

कोरडं घासू नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता बरीच. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या थरांची खात्री नाही. वॉटर पेपर (ओला वापरायचा पॉलिश पेपर) आणा, पाण्यात भिजवून घासा, म्हणजे धूळ उडत नाही. पापुद्रे पेपरवर गोळा करा, मास्क लावा, मुलीला त्या दिवशी वरच ठेवा. घट्ट बसलेला रंग खरवडायची गरज नाही, तो नुसता ओला घासून खरखरीत करा. जिथे लोखंड उघडं पडेल तिथे रेड ऑक्साइड.

ठाणेकर_गच्ची

ओके सर. वॉटर पेपर कितीचा आणू, ८० का १२०?

रंगाऱ्याचं_पोर

पापुद्र्यांना ८० (जाड दाण्याचा), मग १२० (बारीक). आणि काकूंना सांगा चहाचा डबा त्यांचा.