अनुभव धागा : १९९४ चे अमेरिकन सिनेमे आणि 'हूप ड्रीम्स'

१९९५ च्या ऑस्करला उत्कृष्ट संकलनासाठी पाच सिनेमे शर्यतीत होते: 'फॉरेस्ट गंप', 'पल्प फिक्शन', 'द शॉशँक रिडेम्प्शन', 'स्पीड' आणि 'हूप ड्रीम्स'. पहिले चार आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेत. पाचवा म्हणजे बास्केटबॉल खेळणाऱ्या शिकागोच्या दोन मुलांवरचा जवळपास तीन तासांचा माहितीपट. विल्यम गेट्स आणि आर्थर एजी चौदा वर्षांचे असल्यापासून दिग्दर्शक स्टीव्ह जेम्स आणि त्याचे सहकारी कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे होते. अर्ध्या तासाची फिल्म करायला निघाले आणि अडीचशे तासांचं चित्रीकरण जमलं! संकलनाचं ऑस्कर 'गंप'ने नेलं. माहितीपटांच्या विभागात तर 'हूप ड्रीम्स'ला नामांकनसुद्धा नव्हतं. त्यावरून एवढा गदारोळ झाला की अकादमीने निवडीची पद्धत बदलली.

माझा मुलगा चौदाचा आहे. पहाटे पाचला क्रिकेटच्या सरावाला जातो. गेल्या महिन्यात हा माहितीपट पाहिला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. १९९४ मधलं तुम्ही काय पाहिलंत, कधी पाहिलंत, मनात काय राहिलं, ते लिहा.

सांगलीहून

मी कबड्डी खेळायचो, चढाईपटू होतो. राज्य निवड चाचणीच्या आधी तीन आठवडे बोनस रेषेकडे पाय टाकताना गुडघा फिरला. विल्यमचा गुडघा जातो तिथे मी फिल्म थांबवली आणि दोन दिवसांनी पुढची पाहिली. शस्त्रक्रिया होते, तो घाईने मैदानात परततो, पुन्हा दुखतं. मीही अगदी तेच केलं होतं. त्याचा थोरला भाऊ कर्टिस, ज्याचं स्वतःचं खेळणं अर्ध्यावर राहिलं, प्रेक्षकांत बसून त्याच्याकडे बघतो. माझा भाऊ असाच बघायचा. मोठा झालास की आम्हाला विसरू नकोस, असं लोक विल्यमला म्हणायचे. तो म्हणतो, मी मोठा नाही झालो तर तुम्ही मला विसरू नका. हे मला विसाव्या वर्षी ऐकायला मिळायला हवं होतं.

शिकागोच्या उपनगरातून

१९९४ च्या जानेवारीत लग्न होऊन इथे आले. यांची गाडी बर्फात अडकायची आणि मी दिवसभर घरात. त्या वर्षीचा 'लायन किंग' हा मी इथे थिएटरात पाहिलेला पहिला सिनेमा. इंग्रजी निम्मं कळलं नाही, तरी सिंबाचे वडील गेले तेव्हा रडले. 'हूप ड्रीम्स' दुसऱ्या वर्षी व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. ज्या वेस्टचेस्टरच्या शाळेत ती मुलं दीड-दीड तास प्रवास करून जायची, त्या भागातून आम्ही दर शनिवारी किराणा आणायला जायचो. रस्ते ओळखीचे, पण त्या मुलांचं शहर मला माहीत नव्हतं.

माझ्यासाठी हा सिनेमा आर्थरच्या आईचा, शीलाचा आहे. फी थकते म्हणून मुलाला शाळा सोडावी लागते, घरातली वीज कापली जाते. तशात ती नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करते आणि वर्गात पहिली येते. निकाल कळल्यावर ती रडते, तेव्हा बघायला जेमतेम काही माणसं असतात. आर्थरच्या सामन्यांना स्टेडियम भरलेलं असतं! त्याच्या अठराव्या वाढदिवसाला तिला केवळ एवढ्याचाच आनंद असतो की पोरगा अठरा वर्षांचा झाला, जिवंत आहे. तेव्हा मला मूल नव्हतं. लेक अठराची झाली त्या दिवशी केक कापताना मला शीला आठवली. ते वाक्य मी घरात कुणाला सांगितलं नाही, आज इथे लिहितेय.

नाशिकहून

'शॉशँक' केबलवर पाहिला, तोही मधूनच, कैदी उन्हात छपरावर डांबर लावतात त्याच्या आसपास कुठूनतरी. सात नामांकनं, एकही ऑस्कर नाही, थिएटरात पडलेला, हे नंतर वाचलं. वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा आम्ही तो तीनदा पाहिला. यापेक्षा जास्त लिहवत नाही.

न्यू जर्सीहून

माहितीपट करणाऱ्या केन बर्न्सच्या 'बेसबॉल' या मालिकेचं नाव कुणी घेतलं नाही, म्हणून लिहितो. १२ ऑगस्ट १९९४ ला अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंचा संप सुरू झाला, सप्टेंबरमध्ये वर्ल्ड सिरीजच, म्हणजे वर्षाचा विजेता ठरवणारी अंतिम लढत, रद्द झाली, १९०४ नंतर पहिल्यांदा. आणि त्याच सप्टेंबरात तेव्हा काही प्रमाणात सरकारी मदतीवर चालणाऱ्या पीबीएस वाहिनीवर ही नऊ भागांची मालिका, प्रत्येक भागाला 'इनिंग' म्हटलेलं. मैदानं ओस आणि टीव्हीवर शंभर वर्षांचं बेसबॉल! शेजारचे आजोबा मला रोज संध्याकाळी बोलवायचे. मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीयांवरची बंदी मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनच्या भागाला त्यांनी आवाज वाढवला. १९४७ मध्ये ब्रुकलिनला त्याला खेळताना त्यांनी पाहिलं होतं. मला तोवर फक्त क्रिकेट कळायचं. बेसबॉल मी त्या सोफ्यावर शिकलो.

धागाकर्ती

सांगलीच्या दादा, तुमचं वाचून काल मुलाच्या प्रशिक्षकांना भेटले. त्याचा खांदा महिनाभर दुखतोय, आणि तो मला सांगत नव्हता. आता तीन आठवडे गोलंदाजी बंद. शिकागोच्या ताई, रविवारी मी 'हूप ड्रीम्स' त्याच्यासोबत बसून पुन्हा पाहणार आहे.