मदत हवी आहे: बोन्सायची फांदी कापली, लेपाखाली काळं पडलंय

कुंडीभर
लवकर सांगा, प्लीज. बोन्सायची एक जाड फांदी कापली, अगदी पुढ्यात होती आणि डोळ्यात खुपत होती. कापल्या कापल्या वरून लेप लावला, क्षणभरही उघडी ठेवली नाही. आज लेपाचा एक कोपरा सुटलेला दिसला म्हणून नखाने उचलला, तर आत ओलं आणि काळं, वाससुद्धा येतोय. लेप काढू की तसाच ठेवू? काढला तर त्यावर काय लावू? आठ वर्षं सांभाळलेलं झाड आहे.

करवत
झाड कुठलं? फांदी केवढी? कापून किती दिवस झाले? लेप कसला?

हिरवळ
झाड कुठलंही असो, बोर्डो पेस्ट लावा, म्हणजे तांबं-चुन्याचा बुरशीनाशक लेप. १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, १ लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत निम्म्या निम्म्या पाण्यात भिजवा आणि गार झाल्यावर एकत्र करा. लोखंडी भांडं अजिबात नको. चकचकीत खिळा बुडवून बघा, तांबूस झाला तर चुना कमी पडलाय. बागेतल्या प्रत्येक छाटणीनंतर मी हेच लावते.

पारंबी
हिरवळ, ते बागेतल्या मोठ्या खोडांना ठीक आहे. पण लेप हवाच कशाला? झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरत नाही. कुजलेला भाग झाड आतून भिंती घालून वेगळा काढतं आणि बाहेरून नवीन लाकूड चढवतं. अ‍ॅलेक्स शिगो या अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञांनी हजारो झाडं उभी चिरून हे पाहिलं आणि १९७७ मध्ये सविस्तर मांडलं. लेपाने कूज थांबत नाही, उलट ओल आत कोंडते. कुंडीभर यांचं तेच झालंय.

करवत
शिगोंनी पाहिली ती जंगलातली झाडं. बोन्सायमध्ये नुसत्या कुजीचा प्रश्न नसतो, व्रण किती सफाईने झाकला जातो तेही बघावं लागतं. सालीची कड सुकली की जिवंत भाग मागे सरकतो आणि जखम होती त्याहून मोठी होते. पेस्ट लावायची ती त्या कडेसाठी, मधल्या लाकडासाठी नाही. मळून लावायची जपानी पेस्ट मऊच राहते, साल वाढेल तशी पुढे ढकलली जाते. आणि काप कॉन्केव्ह कटरनेच घ्यावा, थोडा खोलगट. मग चढलेली साल खोडाच्या पातळीत बसते, गाठ येत नाही.

कुंडीभर
सहा आठवडे झाले. फांदी अंगठ्याएवढी जाड होती. पेस्ट नव्हती म्हणून पाइपगळतीला लावतात ते दोन भाग मळायचं एपॉक्सी लावलं, पाणी शिरू नये म्हणून. आता काढू का, एवढंच सांगा.

मधुमालती
एपॉक्सी दगडासारखं होतं हो! माझ्या फायकसला (वड-पिंपळाच्या कुळातलं झाड) मी कधीच काही लावत नाही. चीक येतो, वाळतो, तोच त्याचा लेप. ओल्या कापडाने जास्तीचा चीक टिपायचा, बस. तुमचंही फायकसच असणार.

नवशिका
मध्येच विचारतो, आकार द्यायला गुंडाळलेल्या तारेचे वळ खोडात रुतलेत. ते भरतील का?

मधुमालती
नवशिका, तार उलटी फिरवून सोडवू नका, कटरने तुकडे करून काढा. वळ हळूहळू बुजतात, खोल असतील तर बरीच वर्षं.

करवत
नवशिका, वेगळा धागा काढा ना. कुंडीभर, झाडाचं नाव अजून कळलेलं नाही.

कुंडीभर
बोगनवेल आहे. लिहिलं होतं असं वाटलं, सॉरी.

पारंबी
मग वरचं निम्मं बाजूला ठेवा. बोगनवेलीला चीक नाही आणि मोठी जखम ती सहसा झाकतच नाही. तिच्या लाकडात थरांवर थर असतात, ओल राहिली की लगेच मऊ पडतं. लेप काढाच. जिवंत सालीकडून उचकटू नका, आधी मधोमध फोडा आणि तुकडे बाहेरच्या बाजूला ओढा. साल सोबत निघत असेल तर तेवढा तुकडा राहू द्या. मऊ झालेलं सगळं कोरून काढा, टणक लाकूड लागेपर्यंत. खोलगट काप इथे नको, पाणी साचतं. उतार ठेवा.

करवत
कटरचं मागे घेतो, बोगनवेलीला उतारच हवा. पण सालीच्या कडेला पेस्टची बारीक रेघ द्याच.

पारंबी
कडेला चालेल. मधलं लाकूड आठवडाभर उघडं वाळू दे, मग लाकूड टणक करणारं द्रावण मुरवा. पाणी मातीत घाला, खोडावरून नको. पुढच्या वेळी आधी खुंट ठेवून कापा, फांदी मागे किती सुकते ते बघा, मग खोडालगत घ्या.

हिरवळ
बोर्डोने निदान बुरशी तरी थांबली असती.

पारंबी
हिरवळ, लाकूड आत मऊ झाल्यावर वरून लावलेलं तांबं तिथवर पोचत नाही.

कुंडीभर
काढलं. एका बाजूची साल थोडी निघालीच. काळा भाग जवळजवळ बोटाच्या पेराएवढा खोल गेलाय, त्याखाली पांढरं टणक लाकूड लागलं. वरच्या बाजूला साल खरवडली तर हिरवी आहे, खालच्या बाजूला तपकिरी.

करवत
तपकिरी पट्टा खाली कुठपर्यंत जातो? मुळांपर्यंत खरवडून बघा आणि फोटो टाका. त्याच बाजूचं मूळ गेलं असेल तर सांगणं बदलेल.