स्कॅन केलेली कागदपत्रे पेपरलेसमध्ये आपोआप दाखल होत नाहीत

प्रश्न (देवगड)

नमस्कार. आमच्या घरच्या हापूसच्या बागेचा सगळा कागदी व्यवहार मी सांभाळते. वाशीच्या बाजारातून येणाऱ्या आडत्यांच्या पट्ट्या, ट्रकभाड्याच्या पावत्या, फवारणीच्या औषधांची बिले, सातबारा, पीक विम्याचे कागद हे सारे मी घरातल्याच एका छोट्या संगणकावर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारी प्रणाली) चालणाऱ्या पेपरलेस-एनजीएक्स या कागदपत्रे साठवण्याच्या प्रोग्रॅममध्ये ठेवते. पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातल्या कागदालाही बुरशी धरते, त्यामुळे कागद हाती आला की त्याच दिवशी स्कॅन व्हावा असा माझा आग्रह असतो.

सुरुवातीला स्कॅनर त्याच संगणकावरील फोल्डरमध्ये फाइल टाकत असे आणि ती लगेच दाखल होत असे. मे महिन्यात आम्ही नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून वापरायचे साठवणीचे यंत्र, घेतला. आता स्कॅनर नॅसवरील सामायिक फोल्डरमध्ये फाइल टाकतो, तो फोल्डर एसएमबीने (नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याची पद्धत) संगणकावर माउंट केला आहे, म्हणजे संगणकाच्याच फोल्डरसारखा जोडला आहे, आणि तोच कंटेनरच्या कन्झ्यूम फोल्डरला, म्हणजे पेपरलेस जिथून नव्या फाइली उचलते त्या फोल्डरला, जोडला आहे. तेव्हापासून फाइली तशाच पडून राहतात. ब्राउझरमधून अपलोड केलेली फाइल मात्र व्यवस्थित दाखल होते, आणि कंटेनर रीस्टार्ट केला की साचलेल्या फाइलीही एकदम घेतल्या जातात. जून लागल्यापासून त्यात भर अशी पडली आहे, की वीज जाऊन आल्यानंतर कधी कधी रीस्टार्ट करूनही काहीच होत नाही आणि लॉगमध्ये एकही त्रुटी दिसत नाही. नेमके कुठे पाहावे?

उत्तर (मालवण)

आपण रीस्टार्टचा उल्लेख केलात हे फार चांगले झाले, कारण त्यावरून इथे एक नव्हे तर दोन दोष असावेत असे दिसते. ते वेगवेगळे तपासल्याशिवाय कोणतीही सेटिंग बदलू नये, अशी माझी विनंती आहे.

पहिला दोष असा. पेपरलेस मूळ सेटिंगमध्ये फोल्डर सतत चाळत बसत नाही. फाइल आल्याची वर्दी लिनक्स कर्नलमधील (कार्यप्रणालीच्या गाभ्यातील) आयनोटिफाय या सोयीकडून मिळेल, यावर ते विसंबते. पण कर्नलला फक्त स्वतःच्या हातून झालेले बदल कळतात. आपला स्कॅनर थेट नॅसवर लिहितो, म्हणजे तो बदल नॅसच्या कर्नलला कळतो आणि संगणकाच्या कर्नलपर्यंत त्याची खबर पोहोचतच नाही. चूक अशी काही घडलेलीच नसते, म्हणून लॉगही कोरा राहतो. रीस्टार्ट केल्यावर फाइली घेतल्या जातात, कारण सुरू होताना पेपरलेस फोल्डरमध्ये आधीपासून असलेल्या फाइलींची एकदा नोंद घेते.

याची खात्री करायची असेल तर संगणकाच्या टर्मिनलवरून एक पीडीएफ त्याच माउंट केलेल्या फोल्डरमध्ये कॉपी करा, आणि दुसरी पीडीएफ स्कॅनरवरून पाठवा. पहिली लगेच दाखल झाली आणि दुसरी पडून राहिली, तर निदान पक्के. मात्र त्याआधी ‘फाइंडमाउंट’ (findmnt) ही आज्ञा चालवून तो फोल्डर खरोखर माउंट झालेला आहे ना, हे अवश्य पाहा. झालेला नसेल तर आपली चाचणीची फाइल संगणकाच्याच रिकाम्या फोल्डरमध्ये जाईल, तिथून बिनतक्रार दाखल होईल आणि आपली दिशाभूल होईल.

उपाय म्हणजे पोलिंग सुरू करणे, म्हणजे वर्दीची वाट न पाहता ठरावीक वेळाने फोल्डर चाळायला लावणे. दोनच्या मालिकेतील आवृत्त्यांमध्ये ‘कन्झ्युमर पोलिंग’ या सेटिंगला सेकंदांची संख्या द्यावी लागते. मूळ मूल्य ० असते आणि ० म्हणजे आयनोटिफाय. मी ६० ठेवले आहे. दर ५ सेकंदांनी फोल्डर चाळल्यास नॅसच्या डिस्कला विश्रांती मिळत नाही, आणि पट्टी एका मिनिटाने दाखल झाली म्हणून आपल्या हिशेबाचे काही अडत नाही.

उत्तर (गुहागर)

वरील निदानाशी मी सहमत आहे. वीज गेल्यानंतरचा दुसरा दोष मी स्वतः दोन पावसाळे भोगला आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

वीज परत आली की संगणक आणि नॅस एकाच वेळी सुरू होतात, पण नॅसला तयार व्हायला बराच अधिक वेळ लागतो. संगणक सामायिक फोल्डर माउंट करू पाहतो, समोरून उत्तर येत नाही, आणि एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय माउंट करायचे याच्या यादीत) ‘नोफेल’, म्हणजे माउंट झाले नाही तरी थांबू नये, असे लिहिलेले असल्यास तो तसाच पुढे जातो. मग डॉकर उठतो आणि माउंट व्हायच्या जागी असलेला रिकामा फोल्डर कंटेनरला जोडून देतो. पेपरलेसच्या दृष्टीने सारे ठीक असते. फोल्डर आहे, तो वाचता येतो, फक्त त्यात काही नाही. अशा वेळी कंटेनर कितीही वेळा रीस्टार्ट केला तरी पुन्हा तोच रिकामा फोल्डर जोडला जातो. आधी माउंट आणि नंतर रीस्टार्ट हा क्रम पाळावाच लागतो. पोलिंगने हा दोष दूर होत नाही.

सिस्टमडीमध्ये (लिनक्समधील सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) डॉकरला त्या माउंटवर अवलंबून ठेवता येते, पण मग नॅस उठला नाही तर डॉकरच सुरू होत नाही आणि घरातले बाकीचे कंटेनरही बंद राहतात. म्हणून मी पेपरलेसचे रीस्टार्ट धोरण ‘नो’ केले, म्हणजे डॉकरने ते आपोआप सुरू करू नये असे ठरवले, आणि सिस्टमडीची एक छोटी सेवा लिहिली. ती दर १५ सेकंदांनी माउंट करून पाहते, ‘माउंटपॉइंट’ या आज्ञेने खात्री करते, आणि त्यानंतरच ‘डॉकर कंपोज अप’ ही कंटेनर सुरू करणारी आज्ञा चालवते. दुसरा मार्ग म्हणजे एसएमबीचा फोल्डर डॉकरचाच व्हॉल्यूम (डॉकर स्वतः जोडतो ती साठवणीची जागा) म्हणून जाहीर करणे. तेव्हा नॅस नसेल तर कंटेनर सुरूच होत नाही, आणि बंद पडलेला कंटेनर निदान नजरेला पडतो. गप्प राहणाऱ्या चुकीपेक्षा मला ते कधीही परवडते.

उत्तर (वेंगुर्ले)

एक पुरवणी. माउंट करताना यूआयडी आणि जीआयडी (वापरकर्त्याचा व गटाचा क्रमांक) कंटेनरमधील वापरकर्त्याशी जुळणारे द्यावेत. कंटेनरमध्ये दोन्हींचे मूळ मूल्य १००० असते. दाखल झालेली फाइल पेपरलेस कन्झ्यूम फोल्डरमधून काढून टाकते, त्यामुळे केवळ वाचण्याचा हक्क पुरत नाही. तसेच अनेक पानांचा दस्त स्कॅनर सावकाश लिहीत असेल, तर अर्धवट फाइल उचलली जाऊ नये म्हणून दोनच्या मालिकेतील ‘पोलिंग डिले’ (फाइल उचलण्यापूर्वी थांबण्याचा वेळ) ५ सेकंदांवरून वाढवावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर (देवगड)

आपण तिघांनी वेळ काढून इतके नीट समजावलेत, त्याबद्दल मनापासून आभार.

आपण सांगितल्याप्रमाणे आधी ‘फाइंडमाउंट’ चालवले, तर त्या दिवशी माउंटच नव्हता. हाताने माउंट करून कंटेनर रीस्टार्ट केल्यावर साचलेल्या ४३ फाइलींपैकी ३८ दाखल झाल्या. नंतर दोन पीडीएफची चाचणी केली. टर्मिनलवरून टाकलेली लगेच गेली, स्कॅनरची तशीच राहिली. पोलिंग ६० केल्यावर तीही गेली. गुहागरच्या उत्तरातील पद्धतीने सेवाही लिहून ठेवली आहे, आणि काल रात्री दोनदा वीज जाऊनही आज सकाळी स्कॅन केलेले खताचे बिल कोणी हात न लावता दाखल झाले.

उरलेल्या ५ फाइली अजून फोल्डरमध्येच आहेत आणि लॉगमध्ये त्या ‘डुप्लिकेट’ असल्याचे लिहिले आहे. त्या मी घाईच्या वेळी ब्राउझरमधून अपलोड केल्या होत्या. त्या फोल्डरमधून काढल्या तर चालेल का?

उत्तर (मालवण)

चालेल. दोनच्या मालिकेतील आवृत्त्यांमध्ये पेपरलेस फाइलीचा चेकसम (मजकुरावरून काढलेला ओळखक्रमांक) जुळवून पाहते आणि मूळ सेटिंगमध्ये डुप्लिकेट फाइल न घेता जागच्या जागी ठेवते. मात्र काढण्यापूर्वी ते ५ दस्त यादीत दिसत आहेत ना, हे पाहा. मूळ दस्त चुकून कचरापेटीत गेलेला असला तरीही नवी फाइल डुप्लिकेट म्हणूनच नाकारली जाते, आणि कचरापेटी मूळ सेटिंगनुसार ३० दिवसांनी रिकामी होते.