वारा फिरला आणि हरीण गेलं: धनुष्यबाणवाल्यांनो, अनुभव सांगा

शिकागोकडच्या एका गणपतीत मोदक खाता खाता तिघेजण बाणाच्या पात्यांवरून तावातावाने भांडताना ऐकले, तेव्हा कळलं की धनुष्य घेऊन रानात जाणारा मराठी माणूस मी एकटा नाही. म्हणून हा धागा.

बंदूकवाला 200 यार्डांवरून काम उरकतो. धनुष्यवाल्याला हरीण 20-30 यार्डांत यावं लागतं, आणि तेवढ्या अंतरात व्हाइटटेल हरणाच्या नाकापुढे आपलं काही चालत नाही. डोळ्यांना चकवता येतं, हलायचं नाही म्हणजे झालं. कानांनाही चकवता येतं, खारी दिवसभर पाचोळ्यात धुडगूस घालत असतातच. नाकाला मात्र दुसऱ्याचं मत लागत नाही. एकदा माणसाचा वास गेला की पाय आपटून, जोरात फुसकारून एखादी मादी आख्ख्या जंगलाला तुमचा पत्ता सांगते.

शिंगांचे फोटो आणि यशोगाथा जागोजागी आहेत, त्या नकोत. हातातोंडाशी आलेलं कसं गेलं, ते लिहा. भारतातल्या मंडळींनो, तिकडे 1972 च्या कायद्यापासून शिकार बंद आहे, तेव्हा आजोबांच्या हाकाऱ्यांचे किस्से राहू द्या. पण मचाणावर बसून वाऱ्याने दगा दिला असेल तर जरूर या.

सुरुवात माझ्यापासून. विस्कॉन्सिन.

अमेरिकेत धनुष्यासाठी वेगळा हंगाम पहिल्यांदा आमच्याच राज्याने 1934 मध्ये ठेवला, एवढी फुशारकी मारून घेतो. मी बसतो ते नैर्ऋत्येकडच्या डोंगराळ भागात. तिथे हवामान खात्याचा वारा एक आणि घळीतला वारा दुसरा. सकाळी ऊन पडलं की हवा तापून चढणीला लागते, संध्याकाळी गार होऊन उतरते. हे पुस्तकी ज्ञान सगळ्यांनाच असतं.

नोव्हेंबरचा मधला आठवडा, हरणं माजावर आलेली. मी उताराच्या वरच्या अंगाला, झाडावर साधारण 20 फुटांवर, हार्नेस बांधून. खिशात मिल्कवीडच्या शेंगेतला कापूस. त्याचं एक एक बोंड सोडायचं आणि कुठे जातंय ते बघायचं. पावडरीच्या बाटलीपेक्षा हे शंभरपट बरं, कारण पावडर दोन हातांवर दिसेनाशी होते आणि हा कापूस पार 50 यार्डांपर्यंत दिसतो. दुपारभर बोंडं माझ्या डाव्या खांद्यावरून वर कड्याकडे जात होती. खालच्या घळीतून एक थोराड नर नाक जमिनीला लावून वर यायला लागला. 70 यार्ड, 60, 50. तेवढ्यात सूर्य कड्यामागे गेला. मावळायला अजून पाऊण तास होता, नुसता कड्याआड गेला. शेवटचं सोडलेलं बोंड हवेत थांबलं, जागच्या जागी गरगरलं, माझ्या बुटाजवळून खाली उतरलं आणि सरळ त्याच्या दिशेने चालू पडलं. मी ते जाताना बघतोय आणि करू काहीच शकत नाही. नराने मान वर केली, फुसकारलासुद्धा नाही. आल्या वाटेने चालत गेला. पळाला असता तर एवढं लागलं नसतं.

आता तुम्ही बोला.

ओहायोहून

माझा किस्सा दिवाळीचा. 2023 ची नरक चतुर्दशी 12 नोव्हेंबरला, रविवारी आली. ज्यांना कळतं त्यांना कळेल, 12 नोव्हेंबर म्हणजे काय ते! हरणांच्या माजाच्या ऐन दिवसांतली, वर्षातली सोन्यासारखी सकाळ.

आमच्या घरी ऑक्टोबरपासून कर्फ्यू असतो. शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणात धुवायचे, ओकच्या पाल्याबरोबर डब्यात बंद करून गॅरेजमध्ये ठेवायचे, घरात लसणाची फोडणी पडली की त्या दिवशी डबा उघडायचा नाही. बायको म्हणते, कपडे गॅरेजमध्ये, बूट गॅरेजमध्ये, आता तुझी गादीपण तिथेच टाकते. त्या वर्षी आई सांगलीहून आलेली. मी पहाटे चारला मांजराच्या पावलांनी निघालो, तर ही पाटाशी तेलाची वाटी घेऊन बसलेली! “अभ्यंगस्नान न करता घराबाहेर पाऊल टाकलंस तर बघ.” तिळाचं तेल, मग उटणं. वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, सगळं अंगाला. कारीट मिळालं नाही म्हणून पायाखाली चेरी टोमॅटो फोडायला लावला. वर ओवाळलं.

झाडावरच्या स्टँडवर चढलो तेव्हा मी एक चालतंबोलतं देवघर होतो. पण वारा तोंडावर, एकसारखा. उजाडल्यावर आठ टोकांचा नर समोरूनच आला. 40, 30, 22 यार्ड. त्याला कसलाही पत्ता नाही. मी धनुष्य ओढलं, नेमाची पिन त्याच्या खांद्यामागे टेकवली. आणि माझ्या पाठीमागे 60-70 यार्डांवर एक मादी अशी काही फुसकारली की मीच दचकलो. ती कधी येऊन उभी राहिली, देव जाणे. वाळ्याचा वास तिच्या सात पिढ्यांत कुणी घेतला नसेल. नर दोन उड्यांत मक्याच्या शेतापार.

आईला सांगितलं तर म्हणाली, बरं झालं, सणासुदीला जीव वाचला बिचाऱ्याचा.

कॅलिफोर्नियाहून

ओहायोवाले, उटणं सोडा, आमच्याकडे किनारपट्टीच्या पट्ट्यात धनुष्याचा हंगाम जुलैतच सुरू होतो. त्या उन्हात डोंगर चढल्यावर बिनवासाचा साबण काय कामाचा? मी वास शोषणारा कार्बनचा सूट घेऊन बघितला, ओझोन सोडणारं यंत्रही घेतलं. शोधपथकातल्या कुत्र्यांवर असल्या कपड्यांची चाचणी झाली होती, कुत्र्यांनी माणसं हुडकलीच. माझं मत स्पष्ट आहे: वास कमी होतो, जात नाही. अंघोळ करून निघा, पण वारा पाठीवर असेल तर घरी जा.

आणि हे काही आजचं नाही. 1911 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिल गावात ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा इशी एकटा, उपाशी सापडला. त्याने सॅक्स्टन पोप या डॉक्टरला धनुष्याची शिकार शिकवली. धनुष्याने शिकार करणाऱ्यांच्या ‘पोप अँड यंग’ क्लबच्या नावातला पोप तो हाच. इशी शिकारीआधी मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे, पहाटे ओढ्यावर अंघोळ करून अंगाला सुगंधी रानपाला चोळत असे. कार्बन नव्हता, पण पथ्य तेच.

माझं फुटकं नशीब वेगळ्या प्रकारचं. वारा बरोबर, अंतर बरोबर, ब्लॅकटेल हरणाचा नर आडवा उभा. धनुष्य ओढताना कोपराखालच्या सुक्या गवतातून रॅटलस्नेक वाजायला लागला. नराने सापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि निघून गेला. मी आणि साप मात्र बराच वेळ एकमेकांसमोर.

मिशिगनहून

मी धनुष्याकडे वळले ती व्हिसामुळे. एच-वनवर बंदूक बाळगायची तर संघराज्याचा कायदा आड येतो, शिकारीचा परवाना असेल तर सूट मिळते, पण समजावत कुणाकुणाला बसायचं? धनुष्य त्या कायद्याने बंदुकीत मोडत नाही. शिवाय आमच्याकडे 1 ऑक्टोबरपासून धनुष्य, बंदुका 15 नोव्हेंबरला. दीड महिना रान शांत.

माझ्या बाबतीत वास नाही, आवाज नडला. कंपाउंड बोचा (कप्प्या लावलेल्या धनुष्याचा) बाण सेकंदाला 280 फुटांच्या आसपास जातो आणि आवाज 1100 फुटांनी. 25 यार्डांवर हरणाला दोरीचा आवाज बाणाच्या आधी 0.2 सेकंद पोचतो. तेवढ्यात बिचकलेलं हरीण उडी मारायला पाय दुमडतं, म्हणजे छाती वीतभर खाली जाते. हे माहीत होतं म्हणून नेम छातीच्या खालच्या कडेवर धरला होता. मादी आधीच कावरीबावरी होती, कारण वर ‘ब्लू जे’ नावाचा एक निळा पक्षी केकाटत सुटला होता. बाण पाठीवरून गेला. नंतर पाचोळ्यात रुतलेला मिळाला, पिसं स्वच्छ, पात्यावर चिखल. एक केससुद्धा नाही. एका अर्थी समाधान. जखमी करून सोडण्यापेक्षा हे बरं.

एक प्रश्न

तुमच्या कथा रंजक आहेत, पण हौसेसाठी मुकं जनावर मारायचं हे पटत नाही. दुकानात मटण मिळत नाही का तिकडे?

विस्कॉन्सिन

न पटणं मान्य, माझ्या बायकोलाही पटत नाही. ती शाकाहारी आहे आणि फ्रीजरचा खालचा कप्पा माझा. इथे बहुतेक ठिकाणी लांडगे उरले नाहीत, हरणं वाढतात, पिकं खातात, गाड्यांखाली येतात. परवान्याचे पैसे आणि धनुष्यांवरचा 11% कर वन्यजीवांच्या कामाला जातो. हा वाद मोठा आहे, वेगळा करू. इथे नशिबाबद्दल बोलू.

भंडाऱ्याहून

शिकार नाही, मचाण. बुद्धपौर्णिमेला वनखात्याचा निसर्गानुभव असतो, रात्रभर पाणवठ्यावर बसून येणारे प्राणी मोजायचे. मला नागझिऱ्यातला पाणवठा मिळाला होता. सेंट नको, भडक कपडे नकोत, ही सूचना सगळ्यांना दिलेली. माझ्या जोडीदाराने डासांसाठी मलमाची आख्खी ट्यूब अंगाला फासली आणि डब्यात लसणाची चटणी.

वनमजुराने चिमटीत माती धरून सोडली आणि मान हलवली. रात्री सांबर आलं, पलीकडच्या झाडीत थांबलं, “ढँक” करून एकदा ओरडलं आणि गेलं. पुढचे दोन तास पाण्यावर रातव्याशिवाय कोणी नाही. मी वनमजुराला म्हटलं, तुमच्या सदऱ्याला तर चुलीच्या धुराचा केवढा वास येतोय, त्याचं काय? तो म्हणाला, “चुलीचा धूर त्यायच्या वळखीचा हाये जी. तुमचं मलम वळखीचं नाही.” गावाशेजारचं जनावर गावाचा वास रोजच घेतं. ओहायोवाल्यांनी उटण्याऐवजी तिथल्या शेतकऱ्याचा सदरा मागावा, असं सुचवतो.

ओहायो

हे खरं आहे! शेजारचा शेतकरी गोठ्यातल्या बुटांनीच जातो आणि दरवर्षी फ्रीजर भरतो.

विस्कॉन्सिन

मध्येच एक सूचना. नराला भुलवायला मादीच्या मुताच्या बाटल्या मिळतात, त्या विकत घेण्याआधी आपल्या राज्याचे नियम बघा. हरणांना होणाऱ्या सीडब्ल्यूडी रोगामुळे कित्येक राज्यांत खऱ्या मुतावर बंदी आहे. आमच्याकडे तो रोग 2002 मध्ये सापडला, अजून गेलेला नाही.

कोलोरॅडोहून

सप्टेंबर, एल्क (हरणाचीच एक थोराड जात), साडेदहा हजार फूट. नर एल्कची शीळ पहिल्यांदा ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता, अजूनही येतो. त्या दिवशी तो फरच्या झाडांमागे होता, माझा नवरा मागे बसून मादीचा आवाज काढत होता. मानेवर गार झुळूक आली की खेळ खलास, हे माहीत असल्याने माझं सगळं लक्ष मानेकडे. वारा टिकला. शिंगांची टोकं दिसायला लागली. फांद्या मोडल्याचा आवाज, त्याचा उग्र वास चक्क मला येत होता.

आणि पायवाटेवरून सायकलवाला! घंटी वाजवत, गाणं म्हणत. सरकारी जमीन, त्याचाही हक्क तेवढाच. थांबून आम्हाला आनंदाने म्हणतो, “आत्ता एल्क ओरडला, ऐकलात का?”

ऐकला बाबा.

पेनसिल्व्हेनियाहून

माझा किस्सा हसण्यासारखा नाही. संध्याकाळी बाण लागला, जरा मागे, यकृतात. रक्त काळपट, फुप्फुसाचं असतं तसं गुलाबी फेसाळ नाही. अशा वेळी चार ते सहा तास थांबायचं असतं. लगेच पाठलाग केला तर जखमी हरीण मैलभर जातं. अंदाज कोरड्या रात्रीचा होता, पाऊस नऊला आला आणि माग धुऊन गेला. पट्ट्यात धरून माग काढणारा कुत्रा घेऊन एक जण मध्यरात्री आला, एक पैसा घेतला नाही. कुत्र्याने धुतलेल्या जमिनीवरूनही बरोबर नेलं. पण कोयोटी (कोल्ह्यासारखे रानटी प्राणी) आधी पोचले होते. परवान्याबरोबरचा टॅग लावला, हंगामातलं माझ्या वाट्याचं हरीण संपलं.

वेलिंग्टन, न्यूझीलंड

आमच्याकडे हंगामाचं बंधन नाही, सरकारी रानात परवाना काढला की वर्षभर मोकळीक. तरी खरी मजा मार्च-एप्रिलमध्ये, लाल हरणांचे नर डरकाळ्या फोडतात तेव्हा. वासाचं म्हणाल तर तारारुआच्या डोंगरात वारा फिरत नाही, चारी बाजूंनी एकदमच येतो, त्यामुळे तो विषय मी सोडून दिलाय.

धुकं होतं. मी पोकळ नळीतून डरकाळी फोडली, दरीपलीकडून उत्तर आलं. मी 100 पावलं पुढे, तोही पुढे. आवाज खोल, चिडलेला, नर मोठा असणार. तासभर असं चाललं. शेवटी धुक्यातून नारिंगी टोपी दिसली आणि तिच्याखाली हातात तसलीच नळी घेतलेला दाढीवाला. त्याच्याकडे रायफल होती. लक्ष्य शंभर टक्के ओळखल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हा इथला पहिला नियम त्याने पाळला म्हणून मी हे लिहितोय. दोघांनी एकमेकांच्या डरकाळीचं तोंडभरून कौतुक केलं आणि झोपडीवर चहा प्यायला गेलो. संडासामागच्या चिखलात खुरांचे ताजे ठसे होते, बोटभर खोल. आम्ही एकमेकांचा माग काढत असताना खरा नर तिथून आरामात गेला होता.