सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या कापणी यंत्राचा) आराखडा लहान केल्यावर खाचा जुळत नाहीत

प्रश्न: आईची जुनी पत्रे जपण्यासाठी १२ मिमी फळ्यांच्या पेटीचा आराखडा मी ७५ टक्के केला, परंतु खाचा ९ मिमीच्या झाल्या आणि फळ्या त्यांत बसेनात. काय करावे?

उत्तर १: संपूर्ण आराखडा एकाच प्रमाणात लहान केल्यामुळे खाचाही आक्रसल्या, फळीची जाडी मात्र तेवढीच राहिली. केवळ पेटीची लांबी, रुंदी व उंची बदलावी आणि खाचेची रुंदी कॅलिपरने (जाडी अचूक मोजण्याच्या साधनाने) मोजलेल्या प्रत्यक्ष जाडीपेक्षा किंचित सैल ठेवावी.

उत्तर २: ६ मिमी व्यासाच्या फिरत्या कटरने खाचेच्या आतील कोपऱ्यांत ३ मिमी त्रिज्येची गोलाई राहतेच, म्हणून फळीचा चौकोनी कोपरा बसावा यासाठी तेथे थोडे अधिक कोरावे लागते. टाकाऊ तुकड्यावर एक सांधा आधी कापून पाहा.

उत्तर ३: पत्रे दुमडावी लागू नयेत, यासाठी आतले माप प्रथम ठरवावे.